फोटोतला डावा कान

त्या फोटोत डाव्या कडेला जो कान दिसतो, तो माझा आहे. हे मी गेली साठ वर्षं लोकांना सांगत आलोय आणि लोक गेली साठ वर्षं "असं होय?" म्हणून पुन्हा मधोमध उभ्या असलेल्या चेटकडे बघत आलेत. कान कोणाचाही असू शकतो, असं त्यांचं म्हणणं. खरं आहे. चेहऱ्याची ओळख पटते, आवाजाची पटते, चालण्याचीही पटते. कानाच्या बाबतीत मात्र माणूस एकटा पडतो.

फोटो दीपगृहवाले लॉइड यांचा. आमच्या लहानपणी, अमेरिकेत ईरी तलावाकाठी, आमच्या ईरी शहराच्या टीव्हीवर शाळा सुटल्यावर रोज त्यांचा कार्यक्रम लागायचा. पितळी बटणांचा निळा कोट, डिंकाने चिकटवलेली पांढरी मिशी, मागे पुठ्ठ्याचं दीपगृह आणि टेबलामागून डोकावणारी गर्टी नावाची कापडी सीगल. ज्याचा वाढदिवस असेल त्या मुलाला स्टुडिओत बोलवायचे. लॉइड त्याच्या डोक्यावर दीपगृहाच्या रखवालदाराची टोपी ठेवायचे, त्याला दिवा लावू द्यायचे आणि गर्टी त्याच्या गालाची पापी घ्यायची. तलावाच्या या काठावरच्या कुठल्याही पोराला विचारलं असतं, की तुला देशाचा अध्यक्ष व्हायचंय का ती टोपी घालायची आहे, तर त्याने आधी टोपीचं माप विचारलं असतं.

माझ्या आईने वर्षभर आधी नंबर लावला होता. मार्च १९६४, माझा आठवा वाढदिवस. सोबत एक मित्र आणायची परवानगी होती. मी शेजारच्या चेट पालुबाला नेलं. आयुष्यात मी पुष्कळ चुकीचे निर्णय घेतले आहेत. उदाहरणार्थ, थंडी संपली असं समजून मी दर वर्षी एप्रिलमध्ये बर्फ उडवायचं मशीन तळघरात ढकलतो. पण त्या निर्णयाची सर कशालाच नाही.

कार्यक्रम थेट प्रक्षेपित व्हायचा. लॉइड कॅमेऱ्याकडे बघून म्हणाले, "हं, तर मग आज वाढदिवस कोणाचा बरं?" मी आवंढा गिळत होतो. त्या एका आवंढ्याच्या काळात चेटचा हात वर गेला. लॉइडनी टोपी त्याच्या डोक्यावर ठेवली. काचेपलीकडून आई दोन्ही हात हलवून "तो नाही, तो नाही" करत होती. तिला वाटलं आपण लांब आहोत म्हणून दिसत नाही, म्हणून ती खुर्चीवर चढली. मग कोणीतरी येऊन तिला खाली उतरवलं. चेटने दिवा लावला. गर्टीने चेटची पापी घेतली. स्टेशनच्या फोटोग्राफरने फोटो काढला आणि लॉइडना पत्र लिहिणाऱ्या प्रत्येक मुलाला पुढे तेच कार्ड जाऊ लागलं. टोपीतला चेट, कानापर्यंत पोचलेलं त्याचं हसू, आणि, फोटो फ्रेममध्ये बसावा म्हणून चेटच्या आईने ज्याच्या कडा कापल्या त्या प्रतीत, डावीकडे, मी. म्हणजे कान.

मी पुढे विमा कंपनीत दावे तपासण्याचं काम केलं. दुसऱ्याचा दावा खोटा कसा, हे शोधून काढण्यात माझी हयात गेली आणि स्वतःचा एकमेव खरा दावा मला सिद्ध करता आला नाही. चेट प्लंबर झाला. तो अजूनही शेजारीच राहतो. ईस्टरआधीच्या उपवासाच्या दिवसांत शुक्रवारी मटण-कोंबडी चालत नाही, मासे चालतात, म्हणून दर शुक्रवारी आमच्या चर्चच्या तळघरात मासे तळतात, तेव्हा तो दारात उभा असतो. डोक्यावर तशीच टोपी, मागे भिंतीवर तोच फोटो. बायका त्याला आपणहून पर्च माशाचा मोठा तुकडा वाढतात आणि वर दोन पिरोगी, म्हणजे आमच्या पोलिश करंज्या, जास्तीच्या. मी कागदी ताटली घेऊन रांगेत असतो. मला जे मिळतं ते मासाच असतं, पण त्याने आयुष्यात फार काही पाहिलेलं नसतं.

सांगून टाकतो. मी जळायचो. मत्सर, हेवा, पोटदुखी, जे म्हणायचं ते म्हणा. पोट बिघडलं तर औषध तरी असतं.

या वर्षीच्या उपवासाला नुकती सुरुवात झाली होती. मी अंगणातला बर्फ ढकलत होतो. कुंपणापलीकडून चेटने फोन पुढे केला.

"थॅड, हे बघ. मी ज्ञानकोशात गेलो."

"ज्ञानकोशात मेलेली माणसं असतात," मी म्हणालो.

"आता जिवंतही घेतात म्हणे. सूनबाईंनी चढवला. इंटरनेटवरचा तो फुकटचा ज्ञानकोश नाही का, कोणीही लिहू शकतो तो. लॉइडवर अख्खा लेख आहे."

मी चष्मा लावून पाहिलं. फोटो तोच. खाली ओळ होती: 'दीपगृहवाले लॉइड आणि वाढदिवसाचा मुलगा चेस्टर पालुबा.'

वाढदिवसाचा मुलगा. फावडं माझ्या हातून सुटलं ते नेमकं पायावर पडलं. चेटला वाटलं मी आनंदाने नाचतोय.

आता कोणीही लिहू शकतो म्हटल्यावर मीही लिहू शकतो. मी आत जाऊन खातं उघडलं आणि ओळ दुरुस्त केली: 'लॉइड, पाहुणा मुलगा चेस्टर पालुबा आणि वाढदिवसाचा मुलगा थॅडियस वोयनार (डावीकडे, कान).' कॉफी ओतून परत येतो तो ओळ पूर्वीसारखी. हे काम 'शांत बगळा' असं टोपणनाव घेतलेल्या कोणा स्वयंसेवकाचं होतं. बगळा कुठे राहतो, काय करतो, बाई आहे की बुवा, मला आजही ठाऊक नाही. पण इतकं सभ्य बोलून इतका संताप आणणारा प्राणी मी विमा कंपनीतही पाहिला नव्हता.

"या दुरुस्तीला स्रोत काय?" बगळ्याने विचारलं.

"माझी आई," मी लिहिलं.

"त्यांनी हे कुठे प्रसिद्ध केलं आहे का?"

"ती वारली."

"ऐकून वाईट वाटलं. मात्र दिवंगत माता हा प्रकाशित स्रोत धरता येत नाही."

मी हे लोरेनला वाचून दाखवलं. लोरेन म्हणजे माझी बायको. तिच्याशी लग्न ठरवायला गेलो तेव्हा तिच्या वडिलांनी पहिला प्रश्न विचारला होता, "म्हणजे तू त्या टोपीवाल्याच्या शेजारचा का?"

"सोड ना आता," ती म्हणाली. "तुझे सोडून बाकी सगळ्यांचे वाढदिवस माझ्या लक्षात राहायला लागतील अशाने."

सोडतोय कसला. मी केस कापायला गेलो. खरं तर कापण्यासारखे केस राहिलेले नाहीत, पण गस न्हाव्याच्या खुर्चीत बसलं की सल्ला मिळतो. गसने माझ्या मानेवर टॉवेल आवळला.

"माझ्या भाच्याने दुकानाच्या पाटीवर कार्टूनमधलं अस्वल काढलं होतं," तो म्हणाला. "वकिलाची नोटीस आली. रातोरात अस्वल पुसावं लागलं. आता मला सांग, फोटोत चेहरा चेटचा आहे. पण फोटो कोणाचा आहे?"

आरशात मला माझाच चेहरा उजळताना दिसला. फोटो टीव्ही स्टेशनचा. चेटचा नाही, सूनबाईंचा नाही, बगळ्याचा नाही. कॉपीराइट. मला ओळ बदलता येत नाही ना, मग फोटोच काढायला लावतो. ना टोपी, ना कान. मी गसला इतकी बक्षिशी दिली की तो दारापर्यंत सोडायला आला आणि माझी तब्येत बरी आहे ना, असं विचारून गेला.

ज्ञानकोशात अशा तक्रारीची रीतसर सोय असते. तक्रार केली की फोटोवर पट्टी लागते आणि सात दिवस चर्चा चालते, कोणीही येऊन मत देऊ शकतं. मी तक्रार केली. बगळा हजर.

"त्या काळचा कायदा थोडा निराळा होता," बगळ्याने समजावलं. "प्रसिद्धीसाठी वाटलेल्या फोटोवर वर्तुळातला सी, वर्ष आणि मालकाचं नाव छापलेलं नसेल, तर तो फोटो पहिल्या दिवसापासून सगळ्यांचा. असे हजारो फोटो आहेत. टीव्हीवाले घाईत असत."

"आणि छापलेलं असेल तर?"

"तर वर्ष बघायचं. त्रेसष्ट किंवा त्याआधीचं असेल, तर मालकाने अठ्ठाविसाव्या वर्षी हक्काचं नूतनीकरण केलेलं असायला हवं. बहुतेकांनी केलं नाही, त्यामुळे ते फोटोही मोकळे झाले. चौसष्टपासून पुढचं असेल तर नूतनीकरण आपोआप. पंच्याण्णव वर्षं हात लावायचा नाही."

चौसष्ट. माझा आठवा वाढदिवस. देवाने मला कशासाठी जन्माला घातलं हे मला एवढ्या वर्षांनी कळलं. मी लगेच बसलो आणि फोटो चौसष्टचाच कसा, हे सिद्ध करणारं एक लांबलचक निवेदन लिहिलं. माझा जन्मदाखला जोडला. बाप्तिस्म्याची नोंद जोडली. त्या मार्चमध्ये किती बर्फ पडला होता आणि बस कशी उशिरा आली, तेही लिहिलं. 'त्रेसष्ट असण्याची तिळमात्र शक्यता नाही' हे वाक्य मी ठळक अक्षरांत टाकलं आणि त्याखाली रेघ ओढली. एवढ्या उत्साहाने आपलं वय जगाला सांगणारा दुसरा म्हातारा नसेल.

"वर्ष पूर्णपणे मान्य," बगळा म्हणाला. "इतकं भक्कम निवेदन क्वचित वाचायला मिळतं. पण छापील सूचना कुठे आहे? पालुबांच्या प्रतीची पुढची-मागची बाजू तपासली. कोरी आहे."

म्हणजे आता न कापलेली प्रत शोधायची. ज्या स्टेशनचा तो कार्यक्रम, ते विकलं गेलं, मग विकत घेणाऱ्याला कोणीतरी विकत घेतलं, मग त्यालाही कोणीतरी. आता जी कंपनी आहे तिचं कार्यालय ज्या राज्यात आहे तिथे बर्फ पडत नाही. त्यामुळे तिथल्या माणसांना घाईचं काही कळत नाही. फोनवर आधी यंत्र बोललं, मग दुसरं यंत्र, मग एक बाई, जिचा आवाज यंत्रासारखाच होता पण मधूनमधून शिंकायचा.

"तुम्हाला फोटो वापरायचाय का?" तिने विचारलं.

"नाही. कोणी वापरू नये असं मला वाटतं."

"मग आमची हरकत नाही."

"तुमची हरकत असायला हवी. फोटो तुमचा आहे."

"आमचा आहे असं आमचं म्हणणं नाही," ती म्हणाली. "आमचा नाही असंही आमचं म्हणणं नाही." मग ती शिंकली. शिंकणाऱ्याला म्हणतात तसं मी "देव भलं करो" म्हणालो आणि फोन ठेवला. मी नोकरीत असतो तर या बाईला लगेच घेतलं असतं.

इकडे शुक्रवारी फादर मुराव्स्कींसमोर पापांच्या कबुलीला बसलो होतो. जाळीपलीकडून त्यांनी विचारलं, "आणखी काही?"

"शेजाऱ्याच्या वस्तूचा लोभ धरू नये, असं आहे ना फादर? फोटो वस्तूत येतो का?"

"येतो."

"पण तो मुळात शेजाऱ्याचा नसेल तर? कायदेशीररीत्या म्हणतोय मी."

"थॅड, टोपी विकत मिळते," फादर म्हणाले. "एक घेऊन टाक." जाता जाता म्हणाले, "आणि गर्टी अजून आहे, ठाऊक आहे का तुला? टेबलाखाली बसून जी बाई ती हलवायची ना, त्या मिसेस हॅलोरन. मी दर महिन्याला त्यांना प्रसाद द्यायला वृद्धाश्रमात जातो. बाई नव्वदीच्या पुढे आहेत. जिभेला अजून धार आहे, सांभाळून."

लोरेनने घरी केलेली कोलाचकी, म्हणजे जॅम भरलेली बिस्किटं, बांधून दिली आणि मी गेलो. मिसेस हॅलोरन खिडकीपाशी बसल्या होत्या. पलीकडे गोठलेला तलाव दिसत होता. गर्टी उशाशी होती, चोच जरा उसवलेली.

"मुलाखतीला आलायस?" त्यांनी विचारलं.

"नाही. फोटोबद्दल विचारायचं होतं."

"मग लॉइडबद्दलच. सगळ्यांना लॉइडच हवा असतो." त्यांनी कोलाचकीचा डबा उघडून वास घेतला. "अकरा वर्षं मी टेबलाखाली बसले. गुडघे गेले माझे. बोलायचे मी, हसवायचे मी, पोरं खिदळायची ती गर्टीला बघून. आणि बाजारात गेलं की लोक त्याच्याकडे धावायचे, त्या मिशीवाल्याकडे. मला म्हणायचे, बाई, जरा बाजूला होता का, फोटो काढायचाय."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. इतक्या वर्षांत माझ्या जातीचं पहिलंच माणूस भेटलं होतं.

"तुम्हाला त्यांचा राग यायचा?" मी विचारलं.

"राग? माझा जीव जळायचा. तो गेला तेव्हा अंत्ययात्रेला एवढी गर्दी, की मी म्हटलं, बघ, इथेही त्याचंच." मग त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि माझ्याकडे निरखून पाहिलं. "थांब जरा. तू तोच ना? डोळे वटारणारा?"

"कोण?"

उत्तर देण्याऐवजी त्यांनी पलंगाखालचा खोका काढायला लावला. आत जुनी कार्डं होती, न वाटता उरलेली. वरचंच एक त्यांनी माझ्या हातात ठेवलं.

तो फोटो अख्खा होता. उजवीकडे लॉइड, मध्ये टोपीतला चेट, त्याच्या गालाला गर्टीची चोच आणि डावीकडे मी. भांग पाडलेला, बो-टाय बांधलेला, खिशाला आईने लावलेलं कार्नेशनचं फूल. कॅमेऱ्याकडे बघा असं सांगितलं होतं, म्हणून मान बरोबर कॅमेऱ्याकडे होती. डोळे मात्र चेटकडे. बुबुळं इतकी कोपऱ्यात गेलेली की अजून थोडी सरकली असती तर कानातून बाहेर आली असती. खालचा ओठ पुढे. अख्ख्या चेहऱ्यावर एकच भाव होता, आणि तो कोणता हे सांगायला लॉइडच्या पोरांपैकी सर्वांत ढ पोरसुद्धा चुकलं नसतं.

आणि माझ्या बो-टायच्या बरोब्बर खाली, पांढऱ्या कडेवर, बारीक अक्षरांत: वर्तुळातला सी, १९६४ आणि स्टेशनचं नाव.

"आम्हाला तो फोटो फार आवडायचा," मिसेस हॅलोरन म्हणाल्या. "तुझ्यासाठी."

घरी आलो. लोरेनने कार्ड पाहिलं आणि ती स्वयंपाकघरात गेली. तिथून बराच वेळ नळाचा आवाज येत होता. भांडी काही नव्हती.

माझी पंचाईत समजून घ्या. हे कार्ड चर्चेत टाकलं तर चेटचा फोटो उतरतो. साठ वर्षांची वेदना मिटते. पण टाकायचं म्हणजे पुढची बाजू अख्खी टाकायची, बगळ्याला कापलेलं काही चालत नाही. म्हणजे माझं हे थोबाड जगापुढे. न टाकलं, तर 'वाढदिवसाचा मुलगा चेस्टर पालुबा' कायमचा. मी दोन दिवस कार्ड घेऊन घरात फिरत होतो. शेवटी कुंपणापलीकडून चेटची शीळ ऐकू आली. तो टोपीला ब्रश मारत होता. मी आत जाऊन कार्ड चढवलं.

"निर्णायक पुरावा," बगळ्याने लिहिलं. "मुदत संपली की फोटो हटवण्यात येईल. डावीकडचा मुलगा कोण आहे, कळू शकेल का? फार सुंदर आहे."

चर्चेचे अजून चार दिवस बाकी होते. त्या चार दिवसांत काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही, कारण मी बहुतेक वेळ घरातच होतो. तो अख्खा फोटो चेटच्या सुनेने पाहिला, तिने तिच्या बहिणीला दाखवला, बहिणीने कामावर. शुक्रवारी मी माझी लोकरीची टोपी डोळ्यांवर ओढून चर्चच्या तळघरात उतरलो, तर मासे वाढणाऱ्या बायकांनी हातातले झारे खाली ठेवले.

"हाच तो," एक म्हणाली. "थॅड, एकदा करून दाखव ना. ते डोळे."

"वाढदिवस तुझा होता ना रे?" दुसरी म्हणाली. "फूल तुझ्या खिशाला आहे. सगळं कळतं त्या फोटोत. माझ्या आईला दाखवला, ती रडली. म्हणाली, बिचारं पोर."

बिचारं पोर. साठ वर्षं मी या शब्दांची वाट पाहत होतो. माझ्या ताटलीत पर्चचा असा तुकडा पडला की तो दोन्ही बाजूंनी बाहेर लोंबत होता. वर पिरोगी. मोजल्या नाहीत, सभ्य माणसाने मोजू नयेत. पण चेटपेक्षा जास्त होत्या.

फादर मुराव्स्की आमच्या टेबलाशी येऊन बसले. "पुढच्या शुक्रवारचं पोस्टर करायचंय," ते म्हणाले. "तुझा चेहरा, फक्त चेहरा. डोळे बाजूच्या ताटलीकडे. खाली लिहायचं: 'मासे संपण्याआधी या.' आणि टी-शर्टही करू म्हणतोय, छपराच्या दुरुस्तीसाठी. बायकांनी आत्ताच नावं दिली आहेत."

माझा चेहरा. पोस्टरवर. लोकांच्या छातीवर. लोरेनने टेबलाखालून माझा हात दाबला.

"फक्त एक आहे," फादर म्हणाले. "फोटोचे हक्क कोणाचे आहेत, ते बघायला हवं. बिशपांच्या कार्यालयाचा फार कटाक्ष आहे. बघतोस का तू? तुला आता यातलं कळतं."

माझ्या घशात पर्चचा काटा अडकला. खरोखरीचा. पाठीवर थापा मारून तो काढावा लागला. थापा चेटने मारल्या.

मी पळतच घरी गेलो. "बगळेसाहेब," मी लिहिलं, "कार्डावरचा शेवटचा आकडा मी भिंगातून पुन्हा पाहिला. तो तीन वाटतो. चौसष्ट नाही, त्रेसष्ट असावं. म्हणजे नूतनीकरण लागतं. ते कोणी केलेलं नाही, याची मी चौकशी करतो. तेव्हा फोटो मोकळा धरावा, ही विनंती."

उत्तर तत्परतेने आलं. "आकडा स्पष्टपणे चार आहे. शिवाय आपलं आधीचं निवेदन सोबत पुन्हा देत आहे." आणि खाली ते सगळं. जन्मदाखला, बाप्तिस्मा, बर्फ, उशिरा आलेली बस. 'त्रेसष्ट असण्याची तिळमात्र शक्यता नाही.' ठळक अक्षरांत. रेघेसकट.

शिंकणाऱ्या बाईलाही फोन लावला. परवानगी द्याल का, विचारलं. ती म्हणाली, आमचा असेल तरच देता येईल, आणि आमचा आहे असं आमचं म्हणणं नाही. या वेळी ती शिंकली तरी मी भलं चिंतलं नाही.

मुदत संपली आणि फोटो उतरला. कापलेलाही आणि अख्खाही. त्या जागी एक राखाडी चौकोन आला आणि खाली बगळ्याची टीप: 'संरक्षित. १ जानेवारी २०६० रोजी परत आणता येईल.' दुसऱ्याला अपशकुन व्हावा म्हणून माणसं आपलं नाक कापून घेतात म्हणे. माझं तर फोटोत मुळात नाकही नव्हतं. ते साठ वर्षांनी मिळालं, आणि मिळाल्याबरोबर मी कापून दिलं. फादरनी पोस्टरवर एका माशाचं चित्र छापलं. मासा हसत होता.

चेट कुंपणापाशी आला तेव्हा मी भांडणाची तयारी करून उभा होतो.

"वाढदिवस तुझा होता," तो म्हणाला.

"हो."

"मला ठाऊकच नव्हतं रे. मला वाटलं, सगळ्यांना आळीपाळीने देतात टोपी. मला तर त्या दिवशीचं दुसरं काही आठवतच नाही."

"मग हात कशाला वर केलास?" माझा आवाज आठ वर्षांच्या पोरासारखा फुटला. "वाढदिवस कोणाचा, असं विचारलं होतं त्यांनी. मी ऐकलं. तू हात वर केलास."

चेटने दोन्ही बाजूंना बघून घेतलं. "मला शूला लागली होती," तो म्हणाला.

"काय?"

"बसमधूनच लागली होती. शाळेत सिस्टर अगाथांनी शिकवलं होतं ना, काही झालं तरी आधी हात वर करायचा, मग विचारायचं. मी हात वर केला, तर त्यांनी टोपी घातली. आता टीव्हीवर कसं सांगणार? मग दिवा लावला. मग ती सीगल. फोटोवाला म्हणाला, हस. मी दात आवळून उभा होतो थॅड. ते हसू नाही आहे." त्याने डोक्यावरची टोपी काढून हातात फिरवली. "साठ वर्षं लोक म्हणतात, काय गोड हसतोस. कोणाला सांगू?"

मी कुंपणाला टेकलो. साठ वर्षं मी ज्याच्यावर जळलो, तो माझ्याहून वाईट अवस्थेत उभा होता, आणि माझ्याच शेजारी. माझ्या मनात पहिल्यांदा चेटबद्दल करुणा दाटून आली. ती जेमतेम अर्धा मिनिट टिकली. मग माझ्या लक्षात आलं की आता त्याच्याकडे माझ्यापेक्षा चांगली गोष्ट आहे.

"हे कोणाला सांगू नकोस," मी म्हणालो.

"नाही सांगणार," तो म्हणाला, आणि शुक्रवारी सांगितलं. हसून हसून बायकांचे झारे खाली पडले. त्याला पर्चचे दोन तुकडे मिळाले.

नेमका त्याच शुक्रवारी माझा वाढदिवस होता. आमच्या पोलिश लोकांत वाढदिवसाला 'शंभर वर्षं जग' असं सगळ्यांनी मिळून म्हणायची पद्धत आहे. तसं ते म्हणायला लागले. मी मनात हिशेब करत होतो. चेटने मध्येच हात वर केला आणि सगळ्यांना थांबवलं.

"शंभर पुरायचे नाहीत," तो म्हणाला. "दोन हजार साठ साली एक जानेवारीला याचा फोटो सुटतोय. तेव्हा हा एकशे तीन वर्षांचा असेल. एकशे तीन म्हणा." मग त्याने आपल्या डोक्यावरची टोपी काढली आणि माझ्या डोक्यावर ठेवली. ती थोडी घट्ट होती. सगळं तळघर एका सुरात म्हणालं, "एकशे तीन वर्षं जग." फादर मुराव्स्कींनी दिव्याचं बटण मला दाखवलं, आणि मी ट्यूबलाइट बंद करून पुन्हा लावली.

लोरेनने त्याचा फोटो काढला. त्याचे हक्क तिचेच आहेत, मी विचारून घेतलं. फोटोत मी टोपी घालून उभा आहे, अगदी मधोमध, आणि चेहरा कॅमेऱ्याकडे आहे. फक्त डोळे डावीकडे गेले आहेत. तिथे चेट बसला आहे आणि त्याच्या ताटलीत तिसरा तुकडा पडतो आहे.